तांब्याचे वायसर आणि नवा डिझेल पाइप: आठ महिन्यांनंतर

गाडी २०१४ची सहाचाकी, जुन्या यांत्रिक पंपाची. लासलगावहून कांदा भरायचा, वाशी मार्केटला उतरवायचा, येताना मिळेल तो माल घेऊन कसारा घाट चढायचा. सकाळी चेसिसखाली डिझेलचा रुपयाएवढा ओला डाग दिसायचा. ‘जुनी गाडी, चालायचंच’ म्हणून मी तो वर्षभर सोडून दिला होता.

मग गाडीने घाटात दम टाकायला सुरुवात केली. तिसऱ्या गिअरला पिकअप जायचा, पुन्हा यायचा. सकाळी डिझेल ओढायचा छोटा हँडपंप मारल्याशिवाय स्टार्टच नाही. गंमत म्हणजे टाकी फुल्ल असली की थेंब गळायचे पण गाडी पळायची. टाकी पावच्या खाली उतरली की गळती बंद आणि गाडीला ढास लागायची. मला वाटायचं ही दोन वेगळी दुखणी आहेत. दुखणं एकच होतं. टाकीतून डिझेल ओढून पुढे देतो तो फीडपंप. टाकीपासून त्याच्यापर्यंतचा पाइप ओढीचा. टाकीतलं डिझेल पंपाच्या वर असलं की फटीतून ते बाहेर येतं, खाली गेलं की त्याच फटीतून पंप हवा ओढतो.

एका फिटरने टाकीच्या जोडावर साबण घासून दिला. टाकीला बारीक चीर असती तर घरी पोहोचण्यापुरता साबण खरंच चालतो, पण इथे टाकी गळतच नव्हती. दुसऱ्याने टाकी उतरवून वेल्डिंग करू म्हटलं. रिकाम्या टाकीत वाफ असते, ती नीट धुवून काढल्याशिवाय तिच्यावर वेल्डिंग म्हणजे जिवाशी खेळ. मी गाडी घरी आणली.

डिझेल पाइपावरून ओघळत जातं आणि सगळ्यात खालच्या जागी टपकतं, त्यामुळे ओलं दिसतं तिथे गळत असेलच असं नाही. ब्रशने सगळं धुतलं, फडक्याने कोरडं केलं, घरातली टाल्कम पावडर भुरभुरली. अर्ध्या तासात फीडपंपाच्या इनलेटवरच्या बँजो बोल्टभोवती (पाइपाच्या टोकाचा गोल डोळा पंपाला धरून ठेवणारा पोकळ बोल्ट) पावडर काळी पडली. बोल्टवर त्या डोळ्याच्या वर-खाली दोन तांब्याचे वायसर असतात, ते बसून बसून कडक झाले होते. त्याच्या मागचा रबरी पाइपही क्लॅम्पखाली तडकला होता.

मागच्या कोणीतरी त्या बोल्टला टेफलॉन टेप गुंडाळून ठेवली होती. ते पाहून खरंच राग आला. या बोल्टचं सील आट्यांत नसतंच, वायसरच्या चपट्या तोंडावर असतं. टेपचे तुकडे सुटून पुढे सरकले तर काम वाढणारच.

नवे वायसर ६० रुपये, डिझेलसाठीचा नायट्राइल पाइप आणि दोन क्लॅम्प मिळून साडेतीनशेच्या आत. पाण्याचा पाइप स्वस्त मिळतो, पण डिझेलने तो फुगतो नाहीतर कडक होतो. बोल्ट आवळताना पान्याला नळी लावून जोर करू नका: बोल्ट आतून पोकळ आणि पंपाची बॉडी अ‍ॅल्युमिनियमची, आटे गेले की साठ रुपयांचं काम हजारांत जातं. मग आत शिरलेली हवा काढायला फिल्टरवरचा स्क्रू सैल करून हँडपंप मारायचा, बुडबुडे थांबून सलग डिझेल आलं की स्क्रू बंद.

आता आठ महिन्यांचा हिशेब. नोव्हेंबरमध्ये काम केलं. उन्हाळ कांद्याचा सगळा हंगाम गेला, जूनचा पाऊसही झाला. फीडपंपाची जागा अजून कोरडी. टाकी तळाला गेली तरी घाटात पिकअप तुटत नाही. आठवड्याला डिझेल किती वाचलं हे कोणी विचारलं, तर खरं सांगतो, मोजण्याइतकं नाही. गळती थेंबांचीच होती. वाचल्या त्या सकाळच्या वीस मिनिटांच्या खटपटी, आणि घाटात मागच्या गाड्यांचे हॉर्न.

सगळंच गोड नाही. महिन्याभरात नवा पाइप क्लॅम्पखाली बसला आणि थोडा ओलावा दिसला. पाव आटा आवळल्यावर थांबला. मार्चमध्ये फिल्टर बदलताना आळसाने जुनाच वायसर परत लावला आणि तिथे दुसऱ्या दिवशी थेंब. अडचणीत जुना वायसर लाल होईपर्यंत तापवून पाण्यात टाकला की तांबं मऊ होतं, मी तो असाच करून वापरलाय, पण नवा मिळत असेल तर नवाच घाला.

हे सगळं टाकीपासून फिल्टरपर्यंतच्या कमी दाबाच्या लाइनीचं. नव्या कॉमन रेल गाड्यांत पंपापुढे हजार बारच्या वर दाब असतो, ती धार कातडीतून आत घुसते. तिथे इंजिन चालू असताना गळती हाताने चाचपायची नाही, थेट डिझेल पंपवाल्या मिस्त्रीकडे जायचं.

उरलेलं डिझेल टाकीत परत नेणारा रिटर्नचा पाइप मात्र मी तेव्हा बदलला नाही, तो पैसे वाचवायचा मूर्खपणा. परवा त्याच्यावर पुन्हा पावडर टाकलीय.