स्टॅटिक आयपीचे पैसे घेतले आणि दिला शंभरने सुरू होणारा पत्ता

सांगलीत आमच्या भागात इंटरनेट म्हणजे केबलवाल्याचं फायबर. पाटी मोठ्या कंपनीची, पण वायर ओढणारा, बिल नेणारा आणि तक्रार ऐकणारा माणूस गल्लीतलाच. घरातल्या जुन्या डेस्कटॉपवर डेबियन लिनक्स टाकून मी नेक्स्टक्लाउड, म्हणजे स्वतःच्या घरातलं गुगल ड्राइव्हसारखं सॉफ्टवेअर, सुरू केलं होतं. वडिलांना दुकानातून बिलं आणि पुण्याच्या ताईला घरचे फोटो बघता यावेत, एवढंच हवं होतं. त्यासाठी बाहेरून पोहोचता येईल असा आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता, लागतो. हे सगळं केबलवाल्याला नीट सांगितलं. तो म्हणाला, "होऊन जाईल दादा, स्टॅटिक आयपीचे वर्षाला साडेतीन हजार." स्टॅटिक म्हणजे न बदलणारा. पैसे यूपीआयने त्याच्या स्वतःच्या नंबरवर. पावती म्हणे ऑफिसातून येईल.

त्याचा पोऱ्या आला, राउटरमध्ये काहीतरी केलं आणि माझ्याच लॅपटॉपवर १९२.१६८ ने सुरू होणारा पत्ता टाकून नेक्स्टक्लाउडचं पान उघडून दाखवलं. "बघा, चालू." आता घरच्या वायफायवर घरातलाच सर्व्हर उघडायला इंटरनेटसुद्धा लागत नाही, फायबर उपटून ठेवलं तरी ते पान उघडेल. पुण्याहून अर्थातच काही उघडलं नाही. मग सुरू झालं: राउटर जुना आहे, यात पोर्ट, म्हणजे बाहेरून आत यायची नंबर दिलेली दारं, ओपन होत नाहीत. बावीसशेचा नवा राउटर. तरी नाही उघडलं, तेव्हा वेबपानांसाठी लागणाऱ्या ८० आणि ४४३ नंबरच्या पोर्टचे वेगळे सातशे. पोर्ट फॉरवर्डिंग, म्हणजे बाहेरची विनंती घरातल्या ठरावीक कॉम्प्युटरकडे वळवणं, हे आपल्याच राउटरच्या पानावर करायचं असतं आणि जवळपास कुठल्याही साध्या राउटरमध्ये ती सोय असते. हा चार्ज कसला, ते आजतागायत कुणी सांगितलेलं नाही.

शेवटी राउटरच्या स्टेटस पानावर वॅन आयपी, म्हणजे कंपनीकडून राउटरला मिळालेला पत्ता, बघितला. १००.७२ ने सुरू होणारा. ब्राउझरमध्ये 'माझा आयपी काय' शोधलं तर तिथे वेगळाच आकडा. चोरी तिथेच पकडली. १००.६४.०.० ते १००.१२७.२५५.२५५ हा पट्टा २०१२ साली इंटरनेट कंपन्यांच्या आतल्या वापरासाठी बाजूला काढलेला आहे. आयपीव्ही४ या जुन्या पद्धतीचे एकूण पत्ते साधारण ४३० कोटी, ते केव्हाच अपुरे पडले, म्हणून कंपनी एकच खरा पत्ता पुष्कळ घरांत वाटते. याला सीजीनॅट म्हणतात. बाहेरून आलेली विनंती कंपनीच्या यंत्रापाशीच थांबते, कारण ती कुठल्या घराची हे त्याला कळत नाही. तुमच्या राउटरमध्ये कितीही पोर्ट उघडा, तिथवर काही पोहोचतच नाही. वॅन आयपी १०, १९२.१६८ किंवा १७२.१६ ते १७२.३१ ने सुरू होत असेल तरी तीच गत.

सीजीनॅट वापरणं हा गुन्हा नाही, पुष्कळ घरगुती कनेक्शनं तशीच असतात. पण बाहेरून उघडेल म्हणून पैसे घ्यायचे आणि हे द्यायचं? जाब विचारला तर केबलवाला म्हणतो, "आकडा बदलतोय का? नाही ना? मग स्टॅटिकच झाला की." आकडा खरंच बदलत नव्हता. माणूस पोचलेला आहे.

हा धंदा कसा टिकतो, ते नंतर लक्षात आलं. त्याची मुख्य गिऱ्हाइकं सीसीटीव्हीवाली दुकानं. हल्लीचे डीव्हीआर, म्हणजे कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणारे डबे, स्वतःच बाहेर कॅमेरा कंपनीच्या क्लाउडशी जोडून घेतात आणि मोबाइलचं अ‍ॅप तिथून चित्र उचलतं. त्याला ना स्टॅटिक आयपी लागतो, ना पोर्ट. कॅमेरे दिसतात म्हणून दुकानदार खूश, आणि दरवर्षी पैसे भरतो.

मी कंपनीच्या मुख्य कस्टमर केअरला फोन केला. माझ्या खात्यावर स्टॅटिक आयपी कधी घेतलेलाच नव्हता. त्यांच्याकडून तक्रारीचा डॉकेट नंबर घेतला, यूपीआयचे स्क्रीनशॉट जोडले आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवरही नोंद केली. साडेतीन हजार परत आले. राउटर आणि पोर्टचे पैसे बुडाले ते बुडालेच. सध्या भाड्याच्या छोट्या व्हीपीएसपर्यंत, म्हणजे खरा पब्लिक आयपी असलेल्या दूरच्या सर्व्हरपर्यंत, वायरगार्ड या व्हीपीएनचा बोगदा टाकून काम भागवतोय. घरचा सर्व्हर आतून बाहेर जोडला जातो, त्यामुळे सीजीनॅट आड येत नाही.

कुणाला स्टॅटिक आयपी घ्यायचाच असेल तर पैसे कंपनीच्या अ‍ॅपवरून किंवा बिलातूनच भरा. आणि पोऱ्या घरात असतानाच मोबाइलचं वायफाय बंद करून, मोबाइल डेटावर पान उघडून बघा. तो गेल्यावर राउटरची सेटिंगही तपासा. माझ्या नव्या राउटरमध्ये त्याने सर्व्हरचा अख्खा डेस्कटॉप डीएमझेडमध्ये टाकला होता, म्हणजे त्याचे सगळे पोर्ट बाहेरून उघडे, राउटरची सेटिंग बाहेरून बदलता येणारं रिमोट मॅनेजमेंट चालू ठेवलं होतं आणि पासवर्ड अ‍ॅडमिनच होता. सीजीनॅटमुळे बाहेरच्या जगापासून बचावलो. खरा पब्लिक आयपी मिळाला असता तर पहिल्याच रात्री कुणीतरी आत शिरलं असतं.