मॅकगिलचा ह्यूम संग्रह : सात महिन्यांनंतर

अठराव्या शतकातला स्कॉटिश तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूम याचा माणसाच्या स्वभावावरचा ग्रंथ ‘ट्रिटाइज’ घरबसल्या, फुकटात, स्कॅन केलेल्या प्रतीवर वाचायचा असं ठरवलं होतं. मॉन्ट्रियलच्या थंडीत कोण बाहेर पडतं! पण दुसरा खंड सगळा भावनांवर, आणि त्यात ‘पॅशन’ शोधलं तर सापडली फक्त मोठ्या अक्षरांतली शीर्षकं. दोन दिवस मी कॉम्प्युटरवरच चिडत होते. दोष निघाला १७३९ च्या छपाईत. तेव्हा शब्दाच्या सुरुवातीचा आणि मधला एस लांबट, एफसारखा छापत. यंत्रानं डबल एसच्या जागी डबल एफ वाचून ठेवलं होतं. हे कुणी तपासलं नाही याचा राग अजून गेलेला नाही. शोधून मिळालं नाही म्हणजे शब्दच नाही, असं समजून किती जणांनी टिपणं काढली असतील!

नाइलाजानं मूळ छापील प्रती बघायला मॅकगिल विद्यापीठाच्या ह्यूम संग्रहात गेले. वेळ आधी ठरवायची, पेन बाहेर, पेन्सिल आत. पहिल्यांदा वाटलं, जुना कागद बघायला एवढा खटाटोप कशाला? मग खिडकीच्या उजेडात छपाईच्या खिळ्यांचा कागदावरचा दाब दिसला. एफची आडवी रेघ दांड्याच्या आरपार जाते, या एसची नुसती डावीकडे टेकते. डोळ्यांना सरावानं कळतं.

तिसऱ्या भेटीत मत पार बदललं. पहिले दोन खंड जॉन नूननं काढले, तिसरा १७४० मध्ये थॉमस लाँगमननं. लेखकाचं नाव कुठेच नाही. तिसऱ्याच्या परिशिष्टात ह्यूम पहिल्या खंडात कुठे काय घालून वाचायचं ते पान-ओळ देऊन सांगतो. दोन्ही खंड शेजारी उघडून, कागदाची पट्टी ओळीखाली धरून मी तसं वाचलं. माझ्याकडच्या नव्या आवृत्तीत संपादकांनी ती भर जागच्या जागी बसवून टाकली आहे. सोयीचं आहे, पण मधल्या काळात विचार पुन्हा तपासणारा माणूस त्यात हरवतो. ‘मी’ म्हणजे नेमकं काय, या प्रश्नावर तर तो दुरुस्तीही देत नाही. आपण भूलभुलैयात अडकलोय अशी कबुली देतो. पुस्तकाची दुसरी आवृत्ती त्याच्या हयातीत निघालीच नाही. ही जोडणी वाचकानंच करायची होती, आणि ती करताना माझा हात थरथरला.

खर्च म्हणाल तर मेट्रोचं तिकीट. आता घरी एफ घालून शोधते, पानांचे आकडे वहीत उतरवते आणि मग निघते. येत्या गुरुवारी दुसरा खंड मागवलाय.