धर्मयुद्धाचं कॅम्पेन चालवायचंय: रेल्म्स, एबेरॉन की ग्लोरांथा?

रोलप्लेइंग गेममध्ये, म्हणजे टेबलाभोवती बसून फासे टाकत गोष्ट रचायच्या खेळात, धर्मयुद्धाचं कॅम्पेन (अनेक बैठकांची सलग कथा) करायचं ठरलं की बहुतेक डीएम, म्हणजे खेळ चालवणारे, आधी नकाशा काढायला बसतात. त्याच्या आधी एक गोष्ट ठरवून टाका: तुमच्या जगातला देव बोलतो का? सेटिंग, म्हणजे खेळाचं तयार काल्पनिक जग, कुठली घ्यायची आणि लढाई कशावरून पेटणार, दोन्ही त्यावर ठरतं.

हा प्रश्न पुस्तकी नाही. रविवारी दुपारी कोल्हापूरच्या राजारामपुरीत कुणाच्या तरी फ्लॅटवर टेबल जमलंय, पुस्तकं इंग्रजीत आणि भांडणं मराठीत. खेळात दोन पंथांची जुंपलीय, शहराला वेढा पडलाय, डीएम गंभीर आवाजात पाखंडाचा आरोप वाचून दाखवतोय. तेवढ्यात क्लेरिक, म्हणजे मंत्र टाकणारा पुजारी, खेळणारा म्हणतो, "मग देवालाच विचारूया की!" डंजन्स अँड ड्रॅगन्स या खेळाच्या पाचव्या आवृत्तीत 'कम्यून' नावाचा स्पेल, म्हणजे मंत्र, आहे. नवव्या लेव्हलच्या क्लेरिकला तो मिळतो आणि त्यात देवाला तीन हो-नाही प्रश्न विचारता येतात. खरा धर्मगुरू कोण, ग्रंथ कुणाचा बरोबर, हे दोन प्रश्नांत मिटतं. तिसरा प्रश्न उरतोच.

फरगॉटन रेल्म्समध्ये ही अडचण सगळ्यात जास्त. १९८७ पासून स्वतंत्र सेटिंग म्हणून छापलं गेलेलं डंजन्स अँड ड्रॅगन्सचं हे जग बहुतेकांनी निदान व्हिडिओ गेममधून तरी पाहिलेलं असतं, त्यामुळे टेबल लवकर जमतं. पण इथले देव येतात, बोलतात, मरतात. त्या जगाच्या १३५८ साली बेन आणि मर्कुल या देवांनी नियतीच्या पाट्या चोरल्या. त्यांच्याही वरच्या एओने चिडून एक हेल्म सोडून बाकी सगळ्या देवांना मर्त्य रूपात खाली ढकललं. देव रस्त्यावर फिरत होते त्या काळात कुणी श्रद्धेवरून वाद घालायचा?

तरीही रेल्म्स लगेच बाद करू नका. त्याच प्रकरणाच्या शेवटी एओने नियम केला की देवाची ताकद यापुढे त्याच्या भक्तांवर अवलंबून. म्हणजे माणसं फोडणं हाच देवाचा धंदा झाला. बेन मेला आणि त्याचा वारसा सिरिक या नव्या देवाकडे गेला, तेव्हा झेंटिल कीप शहरात सिरिकच्या लोकांनी बेनच्या जुन्या भक्तांना वेचून मारलं. त्या जगातलं मला पटणारं धर्मयुद्ध हेच. सत्य कुठलं यावर कुणी बोलत नाही, गादी आणि मोजदाद चालते. निवडणूक जवळून पाहिलेल्या टेबलाला हे फार समजावून सांगावं लागत नाही. फक्त पार्टी (खेळाडूंच्या पात्रांची टोळी) नवव्या लेव्हलला पोहोचायच्या आत युद्ध उरका.

एबेरॉन (२००४) हेही डंजन्स अँड ड्रॅगन्सचंच जग, पण याच्या बरोबर उलट. देव आहेत की नाहीत हेच तिथे कुणाला ठाऊक नाही. सॉव्हरिन होस्ट या देवमंडळाचा पुजारी मंत्र टाकतो, चालतो. ब्लड ऑफ व्होल पंथाचा माणूस कुठल्याच देवाला मानत नाही, त्याचाही चालतो. क्लेरिक पैसे खातो, खोटं बोलतो, तरी त्याची शक्ती जात नाही. त्यामुळे मंत्र चालला म्हणजे माणूस खरा, हा पुरावाच बाद होतो. थ्रेन देशात राजा बाजूला सारून सिल्व्हर फ्लेम या पंथाने राज्य हातात घेतलंय. पंथाची प्रमुख अकरा वर्षांची मुलगी, आणि कारभार कार्डिनल मंडळी हाकतात. याच पंथाने पूर्वी लांडगामाणसांविरुद्ध मोहीम काढली. सुरुवातीला धोका खरा होता, पण पुढे संशयावरून निरपराधही मेले. दोन्ही बाजू टेबलावर ठेवता येतात आणि खेळाडूंचं एकमत होत नाही.

खरी धर्मयुद्धंही अशीच मळकट होती. तीस वर्षांच्या युद्धात (१६१८–१६४८) कॅथलिक फ्रान्स प्रोटेस्टंट स्वीडनला पैसे पुरवत होता. एबेरॉनच्या शंभर वर्षं चाललेल्या लास्ट वॉरमध्ये असले सौदे घुसवायला भरपूर जागा आहे.

शिवाय कोल्हापूरकर डीएमला एबेरॉनसाठी नमुना घरचाच मिळतो. १८९९ मध्ये पंचगंगेवर वेदोक्त प्रकरणाला तोंड फुटलं. वाद देव कोणता याचा नव्हताच. छत्रपतींसाठी वेदोक्त मंत्र म्हणायचे की पुराणोक्त, ते ठरवणार कोण, आणि नकार देणाऱ्या राजोपाध्यांचं इनाम राहणार का, हा वाद होता. प्रकरण इंग्रज सरकारपर्यंत गेलं. पुढे १९२० मध्ये शाहू महाराजांनी क्षात्रजगद्गुरूंचं स्वतंत्र पीठच उभं केलं. एक विधी, एक इनाम आणि एक समांतर गादी, एवढ्यावर वर्षभराचं कॅम्पेन निघतं. मात्र त्यातला सांगाडा तेवढा घ्या. माणसं, जाती आणि आपल्या गावातली खरी प्रार्थनास्थळं टेबलावर आणू नका, आणि हे सेशन झीरोलाच, म्हणजे खेळ सुरू व्हायच्या आधीच्या बैठकीत, सगळ्यांसमोर बोलून घ्या.

आता ग्लोरांथा, म्हणजे 'रूनक्वेस्ट'चं जग. खेळ १९७८ चा, जग त्याहून जुनं. इथे देव शंभर टक्के खरे आहेत आणि तरीही धर्मयुद्ध चालतं, कारण दोन्ही बाजू खऱ्या आहेत. सार्टारच्या डोंगरी टोळ्या वादळाच्या ऑर्लांथला मानतात. लूनर साम्राज्य लाल चंद्राच्या देवीला मानतं. ती काळ सुरू झाल्यानंतर जन्मली. देवांनी काळात थेट ढवळाढवळ करायची नाही, असा जुना करार आहे, त्यामुळे तिचं असणंच ऑर्लांथच्या माणसांना खुपतं. शिवाय ती केऑसलाही, म्हणजे जग नासवणाऱ्या अराजक शक्तीलाही, जवळ करते. देवाला विचारलंत तरी तो स्वतःचीच बाजू सांगणार. कम्यूनचा प्रश्न तिथेच संपला.

युद्धाचे परिणामही नुसते बोलण्यापुरते नाहीत. त्या जगाच्या १६०२ मध्ये साम्राज्याने सार्टारची राजधानी बोल्डहोम घेतली. १६२१ मध्ये ऑर्लांथवाल्यांचा गड व्हाइटवॉल पडला, ऑर्लांथचा संबंध तुटला आणि वाराच थांबला; हिवाळा हटेना, पिकं गेली. १६२५ मध्ये चंद्राच्या नव्या मंदिराच्या प्रतिष्ठापनेला जमिनीखालून ड्रॅगन उठला आणि मंदिरासकट जमलेल्यांना गिळून गेला. कॅम्पेन साधारण इथून सुरू होतं.

नियमांतही धर्म आहे. २०१८ च्या आवृत्तीत कॅरेक्टर बनवताना आजी-आजोबा आणि आई-वडील कुठल्या लढाईत होते याचे फासे टाकता, आणि त्यातून तुमच्या शीटवर (पात्राच्या माहितीच्या कागदावर) 'साम्राज्याचा द्वेष ६०%' असं काहीतरी येतं. ऐन लढाईत त्यावर शंभराचा फासा टाकायचा. जमलं तर तलवार लागण्याची शक्यता २० टक्के जास्त, फसलं तर २० टक्के कमी. शिवाजी पेठेत जन्मलेलं पोरगं फुटबॉलची टीम स्वतः निवडतं का? तसाच हा द्वेष, वारशाने आलेला. आणि मग एखादा लूनर शिपाई जखमी अवस्थेत पाणी मागतो, तेव्हा शीटवरचा तो आकडा खेळाडूकडे बघत असतो.

अडचण एकच, पण मोठी: वाचन. पंथ, पुराणकथा, टोळ्या, सणवार, हे डीएमला येत असावं लागतं. गळीत हंगामात निम्मं टेबल गायब होणार असेल तर ग्लोरांथाच्या नादाला लागू नका. फुकटचं क्विकस्टार्ट (नियमांची छोटी पुस्तिका) घेऊन एक वन-शॉट, म्हणजे एकाच बैठकीचा खेळ, करा, लोक दुसऱ्यांदा विचारतात का बघा.

वॉरहॅमर आणि पाथफाइंडर या दुसऱ्या दोन खेळांबद्दलही विचारणा होते. वॉरहॅमरमध्ये सिग्मार आणि उलरिक या देवांच्या पंथांतली चुरस झकास आहे, पण ती साम्राज्याच्या राजकारणात मुरलेली, तपासकथेला चांगली. पाथफाइंडरच्या मेंडेव्ह देशातली धर्मयुद्धं राक्षसांविरुद्ध आहेत. मारामारी दणकेबाज, पण राक्षसाशी वाद काय घालणार? त्यापेक्षा त्याच जगातला राहादूम बघा. धर्मयुद्धांना कंटाळून त्या देशाने धर्मावरच बंदी घातली. पार्टीत क्लेरिक असेल तर मजा येईल.

माझं मत विचाराल तर पहिल्या धर्मयुद्धाला एबेरॉन. पाचव्या आवृत्तीचे मूळ नियम फुकट मिळतात, टेबलाला नवीन काही शिकावं लागत नाही, आणि डीएम चुकला तरी जग मोडत नाही. सुरुवात थॅलिऑस्ट शहरात करा. शहर मूळचं ऑनडेर या देशाचं, तह झाला तरी थ्रेनच्या ताब्यात राहिलेलं, आणि वर सिल्व्हर फ्लेमचा आर्चबिशप राज्य करतोय. पहिल्या सेशनला पंथाचा हुकूम येऊ दे: यंदाच्या सणाची मिरवणूक जुन्या रस्त्याने जाणार नाही. पार्टीतल्या निम्म्यांना मिरवणुकीच्या बाजूला उभं करा आणि निम्म्यांना बंदोबस्तावर.