काच फुंकणारी मुलगी, भिंती रंगवणारा मुलगा

किशोरवयीन मुलांच्या प्रेमकथेतल्या नायकाला बहुतेक वेळा काहीच काम नसतं. दिसायला बरा आणि मनात कसलं तरी दुःख, एवढ्यावर त्याचं भागतं. कॅथ क्राउली या ऑस्ट्रेलियन लेखिकेची ‘ग्राफिटी मून’ ही कादंबरी मला आवडली, कारण तिच्यातल्या नायक-नायिका दोघांच्याही हातात कसब आहे आणि लेखिका त्या कसबाला प्रेमाइतकीच जागा देते. मी माध्यमिक शाळेत चित्रकला शिकवते. कादंबरीत चित्रकार आला की मी पहिल्यांदा बघते, तो रंग लावताना दिसतो का. इथे दिसतो. त्याच्या बोटांना लागलेला रंगही दिसतो.

पुस्तक 2010 साली ऑस्ट्रेलियात आलं आणि 2011 मध्ये त्याला तिथल्या पंतप्रधान साहित्य पुरस्कारांमधला कुमारवयीन विभागाचा पुरस्कार मिळाला. मेलबर्नला शिकणाऱ्या माझ्या भाच्याने ते माझ्यासाठी आणलं. अडीचशेच्या आसपास पानं आहेत आणि सगळी गोष्ट जवळपास एका रात्रीत घडते.

ती रात्र बारावी संपल्याची आहे. तिकडे शाळेचं वर्ष डिसेंबरच्या तोंडावर संपतं आणि तेव्हा ऐन उन्हाळा सुरू होत असतो. त्यामुळे पहिल्याच पानावर माणसं वाऱ्याची झुळूक मिळेल म्हणून व्हरांड्यात बसलेली आहेत आणि लूसी त्यांच्यासमोरून जिवाच्या आकांताने सायकल हाणते आहे. तिला शॅडोला गाठायचं आहे. हा शॅडो रात्री गावभर भिंती रंगवतो, पण त्याला कुणी पाहिलेलं नाही. त्याच्यासोबत पोएट नावाचा एक जण असतो, तो चित्रांवर शब्द लिहितो. लूसीने शॅडोची चित्रं पाहिली आहेत आणि ती काढणाऱ्यावर ती न भेटताच भाळली आहे. अगदी थोडक्यासाठी त्यांची चुकामूक होते. पुढे रात्रभर ती त्याला शोधत फिरते, आणि सोबत असतो एड. हाच तो मुलगा, ज्याने दोन वर्षांपूर्वी पहिल्याच भेटीत नको तिथे हात लावला म्हणून तिने ज्याचं नाक फोडलं होतं.

एड म्हणजेच शॅडो. हे सांगून मी रहस्य फोडत नाहीये, लेखिकाच ते सुरुवातीला सांगून टाकते. एक प्रकरण लूसी बोलते, एक एड बोलतो, मध्येमध्ये पोएटच्या कविता येतात. आपल्याला सगळं माहीत, तिला काहीच नाही, आणि त्याला सांगायचंय पण जीभ रेटत नाही. ती त्याच्याच तोंडावर शॅडोचं कौतुक करत राहते आणि तो ऐकत राहतो. शॅडो किती संवेदनशील असेल, असं ती म्हणते तेव्हा आपण एडच्या खिशात किती पैसे आहेत ते मोजत असतो. या एका युक्तीवर निम्मी कादंबरी उभी आहे आणि ती कुठे सैल पडत नाही.

आता चित्रांविषयी. एडची चित्रं शब्दांत सांगायची म्हणजे लेखिकेचा कस लागणार, कारण भिंत आपल्यासमोर नाही. ती रंगांची विशेषणं उधळत बसत नाही, चित्रात काय आहे ते सांगते. निळं आभाळ आणि त्याखाली उताणा पडलेला छोटासा पिवळा पक्षी. तो झोपलाय की मेलाय हे कळत नाही. दुसऱ्या एका भिंतीवर एक मुलगा, त्याच्या काळजातून गवत उगवलेलं, आणि त्याच्यासमोर गवत कापायचं यंत्र घेतलेली मुलगी. हे दुसरं चित्र मी वाचता वाचता पुस्तकाच्या मागच्या कोऱ्या पानावर पेन्सिलने काढून पाहिलं. काढल्यावर समजलं की ते विनोदी नाही. यंत्र पुढे येतंय आणि मुलगा जागचा हलत नाहीये, तो पळणारही नाही. प्रेमात नकार मिळालेल्या सोळा-सतरा वर्षांच्या मुलाने हे काढलं असणार, यावर माझा पूर्ण विश्वास बसला.

स्प्रेच्या डब्याने काम करणं ब्रशपेक्षा फार वेगळं आहे. हात भिंतीला टेकत नाही, त्यामुळे आधार नसतो. डबा भिंतीजवळ धरला की रेघ बारीक आणि कडक येते, लांब धरला की कडा धुरकट होतात. हात एका जागी क्षणभर रेंगाळला तर रंग साचून ओघळ खाली येतो. म्हणजे मनगट नाही, खांदा चालवावा लागतो, आणि थांबून विचार करण्याची सोय नसते. शाळेच्या स्नेहसंमेलनात पडदा रंगवताना मुलांच्या हातात डबे दिले की मी हे दरवेळी बघते. एलिमेंटरी-इंटरमिजिएटला उत्तम गुण मिळवलेली, खोडरबर हाताशी ठेवून काढणारी मुलं बिचकतात आणि मागच्या बाकावरचा एखादा सरळ सुटतो. एड तसा सुटलेला मुलगा आहे. भिंतीपुढे त्याला कसलीच भीती नाही, बाकी सगळीकडे आहे.

कारण एडला अक्षरं साथ देत नाहीत. वाचताना, लिहिताना तो अडतो. दहावीतच शाळा सोडून त्याने रंगाच्या दुकानात काम धरलं. घरात फक्त आई, डोक्यावर घरभाडं. दुकानाचा म्हातारा मालक बर्ट त्याला जीव लावणारा होता. तो नुकताच वारला आणि एडची नोकरीही गेली. या बर्टला वह्यांच्या कोपऱ्यात चित्रं काढायची सवय होती, पानं भराभर उलटली की ती हलायला लागतात. एड त्या वह्या लूसीला दाखवतो, तो भाग मी पुन्हा मागे जाऊन वाचला. मेलेल्या माणसाविषयी एड फार बोलू शकत नाही. तो पानं उलटतो. एवढ्यात त्याचं दुःख आलं आणि लेखिकेने पुढे एक वाक्यही जास्तीचं घातलं नाही.

माझ्या वर्गात असे एड दरवर्षी असतात. निबंधाच्या वहीत लाल शेरे आणि चित्रकलेच्या वहीत अशी रेघ की बघत राहावं. शिक्षकांच्या खोलीत त्यांच्याबद्दल काय बोललं जातं ते मी ऐकत आले आहे. ‘चित्रकलेत बरा आहे हो, पण अभ्यासात शून्य.’ या ‘पण’चा मला मनापासून राग आहे. क्राउलीने एडला हुशार दाखवलंय, आणि ती हुशारी बाजारात किंवा परीक्षेत सिद्ध करायला लावलेली नाही. तो चित्रांविषयी बोलतो तेव्हा मोठ्या चित्रकारांची नावं त्याच्या तोंडी सहज येतात, कारण त्याने ती चित्रं पाहिली आहेत. वाचता येत नाही म्हणून डोळे थोडेच बंद असतात.

लूसी काचकाम शिकते आहे. ॲल नावाच्या कारागिराच्या स्टुडिओत ती त्याच्या हाताखाली असते आणि बारावीच्या कलाविषयासाठी काचेच्या बाटल्यांची एक मालिका करते. काच फुंकणं हे धीराचं काम. साधारण 1100 अंश सेल्सिअसला वितळलेली काच पोकळ लोखंडी नळीच्या टोकावर घ्यायची आणि ती सतत फिरवत राहायची, नाहीतर एका बाजूला लोंबते. आकार आला तरी संपलं नाही. भट्टीत ती हळूहळू थंड करावी लागते, घाई केली की तडकते. हा सगळा संथ शहाणपणा लूसीच्या कामात आहे, पण स्वभावात नाही. माणसांच्या बाबतीत ती फार लवकर ठरवून मोकळी होते. तिचे वडील अंगणातल्या शेडमध्ये राहायला गेले आहेत, आईवडील सांगतात सगळं ठीक आहे, आणि तिला ते पटवून घ्यायचं आहे. कधीच न पाहिलेल्या शॅडोवर तिचं एवढं मन का बसलं, याचं उत्तर मला त्या शेडमध्ये मिळालं. लेखिका मात्र ते बोट दाखवून सांगत नाही.

गोष्ट ज्या शहरात घडते त्या मेलबर्नबद्दल थोडं. मेलबर्नच्या भिंतींचं कौतुक जगभर आहे. फेडरेशन स्क्वेअरसमोरची होझियर लेन पाहायला पर्यटक रांगा लावतात. तरीही व्हिक्टोरिया राज्याच्या 2007 च्या कायद्याने अठरा वर्षांखालच्या मुलाला स्प्रे रंग विकायला बंदी आहे आणि परवानगीशिवाय भिंत रंगवणं गुन्हा आहे. मेलबर्नच्याच कॉलिंगवूड भागात किथ हेरिंग या अमेरिकन चित्रकाराने 1984 साली रंगवलेली भिंत सरकारी संरक्षणात आहे, तिची 2013 मध्ये डागडुजीही झाली. आणि ही कादंबरी आली त्याच वर्षी, 2010 मध्ये, त्याच होझियर लेनमध्ये बँक्सी या ओळख लपवून भिंती रंगवणाऱ्या प्रसिद्ध ब्रिटिश चित्रकाराने काढलेला पॅराशूटवाला उंदीर महापालिकेच्या सफाई कामगारांनी पुसून टाकला. कुठली भिंत जपायची आणि कुठली धुवायची, हे तिथेही असं ठरतं. हे माहीत असलं की एड सारखा मागे वळून का बघतो ते जास्त लागतं. कादंबरी त्याच्या बाजूची आहे, पण त्याला कायद्याच्या वर ठेवत नाही. हे मला योग्य वाटलं.

जमलं नाही ते चोरीचं कथानक. एडच्या मित्राने, लिओने, एका गुंडाकडून पैसे उसने घेतले आहेत आणि ते फेडायला त्याच रात्री शाळेतले संगणक चोरायचे असा बेत आहे. पैशांची चणचण खरी वाटते, बेत खरा वाटत नाही. गुंड येतो, धमकावतो, जातो. तो प्रत्येक वेळी आला की मला लूसी-एडकडे परत जायची घाई व्हायची. दुसरी तक्रार भाषेची. लूसी आणि एड दोघेही उपमांमध्ये बोलतात, आणि काही प्रकरणांत वरचं नाव झाकलं तर कोण बोलतंय ते सांगता येणार नाही. अक्षरांशी झगडणाऱ्या मुलाचं बोलणं वेगळं ऐकू यायला हवं होतं. पोएटच्या कवितांपैकी काही चांगल्या आहेत, काही मात्र त्या वयाच्या वहीत शोभतील इतपतच, आणि तेही चालून जातं कारण त्या वयाच्याच मुलाने लिहिलेल्या आहेत.

बाजूची माणसं मात्र झकास. लूसीची मैत्रीण जॅझ आणि लिओ यांची नोकझोक, आणि डेझी-डिलन या जोडीची सततची भांडणं वाचताना मी मोठ्याने हसले. आणि त्या फुटलेल्या नाकाबद्दलही लिहायला हवं. पहिल्याच भेटीत मुलाने अंगचटीला जाणं आणि मुलीने कोपराने उत्तर देणं, हे पुस्तक हसण्यावारी नेत नाही. दोघं त्याबद्दल बोलतात. एडला आपलं चुकलं हे समजायला वेळ लागतो, पण समजतं. मुलांच्या हातात द्यावं असं वाटण्याचं माझ्यासाठी हेही एक कारण आहे.

पालकांसाठी: शिव्या आहेत, चुंबन आहे, चोरीचा बेत आहे, थोडी मारामारी आहे. सातवी-आठवीला नको, दहावी झालेल्यांना जरूर द्या. इंग्रजी बोलभाषेतलं आहे, वाक्यं छोटी आहेत, पण ऑस्ट्रेलियन बोलीतले काही शब्द पहिल्या दोन-तीन प्रकरणांत अडतात. तिथे अर्थ शोधत न थांबता पुढे जावं, संदर्भाने ते उलगडतात. आमच्या शाळेच्या ग्रंथालयासाठी मी दोन प्रतींची मागणी लिहून दिली आहे. एक ग्रंथालयाच्या कपाटात आणि एक माझ्या चित्रकलेच्या वर्गात, रंगांच्या बाटल्यांशेजारी, जिथे ग्रंथालयात न फिरकणारी मुलं येतात.