रेट मॅचिंग: कॉन्व्होल्युशनल, एलडीपीसी की पोलर?

एरर-करेक्शन कोड (माहितीला जादा बिट्स जोडून वाटेतल्या चुका दुरुस्त करायची पद्धत) निवडताना बहुतेक जण एररचे आलेख शेजारी शेजारी मांडतात आणि ज्याची रेघ सर्वांत खाली, तो उचलतात. रेट मॅचिंग, म्हणजे कोडचे बिट्स उपलब्ध जागेत बसवणं, नंतर बघू म्हणतात. माझ्या मते निवड तिथूनच सुरू करावी. कोडला त्याची स्वतःची लांबी असते आणि फ्रेममधली (एका खेपेत पाठवायच्या बिट्सच्या चौकटीतली) जागा क्वचितच तिच्याशी जुळते. जुळवायचे मार्ग तीन. पंक्चरिंग म्हणजे काही बिट्स गाळणं, शॉर्टनिंग म्हणजे ज्यांची किंमत शून्य हे रिसीव्हरला आधीच माहीत आहे ते बिट्स न पाठवणं, आणि रिपीटिशन म्हणजे जागा उरली तर काही बिट्स पुन्हा पाठवणं. यातलं काय खपेल, हे कोडची घडण ठरवते.

सर्वांत सोपा पर्याय म्हणजे सात कन्स्ट्रेंट लेंग्थचा (बाहेर पडणारा प्रत्येक बिट माहितीच्या सात बिट्सच्या खिडकीतून ठरतो), १/२ दराचा कॉन्व्होल्युशनल कोड. दर म्हणजे माहितीचे बिट्स भागिले पाठवलेले बिट्स. वाय-फायमध्ये ३/४ दर हवा असेल तेव्हा त्याच्या दर सहा बिट्सपैकी दोन ठरलेल्या जागांवरचे गाळतात. रिसीव्हर त्या जागी 'माहीत नाही' म्हणून शून्य भरतो आणि व्हिटर्बी डिकोडर (सर्वांत संभाव्य बिट-क्रम शोधणारा) तोच राहतो. किंमत लगेच दिसते: १/२ दराला फ्री डिस्टन्स (कोडच्या दोन वेगळ्या क्रमांत किमान किती बिट्स वेगळे असतात ते) १० असतं, २/३ ला ६ आणि ३/४ ला ५. छोटा प्रोसेसर, मोजकेच दर आणि कमी वेळ असेल तर मी आजही हाच घेईन.

एलडीपीसी हा विरळ पॅरिटी-अटींवर (ठरावीक बिट्सची बेरीज सम हवी) उभा कोड. त्याची खरी ताकद फसलेली खेप पुन्हा पाठवण्यात आहे, म्हणून इथे थोडं थांबतो. ५जीच्या डेटा चॅनेलमध्ये कोडचे बिट्स एका गोलाकार बफरमध्ये ठेवतात आणि दर वेळी वेगळ्या जागेपासून हवे तेवढे वाचतात. मोठ्या बेस ग्राफचा (कोडच्या ओळी-कॉलमांच्या मूळ साच्याचा) सर्वांत मोठा ब्लॉक घ्या: माहितीचे ८४४८ बिट्स, बफर २५३४४ बिट्सचा. पहिल्या खेपेत १२६७२ बिट्स पाठवले तर दर पडतो २/३. ते डिकोड झाले नाहीत, तर पुढची आवृत्ती बरोबर बफरच्या मध्यापासून सुरू होते आणि दोन खेपा मिळून अख्खा १/३ दराचा कोड रिसीव्हरच्या हाती येतो. पहिली खेप वाया जात नाही. माहितीचे पहिले दोन कॉलम, म्हणजे या उदाहरणातले ७६८ बिट्स, तर कधीच पाठवले जात नाहीत. ते डिकोडर पॅरिटीवरून (जोडलेल्या जादा बिट्सवरून) शोधतो आणि हे मूळ रचनेतच धरलेलं आहे.

४जीच्या टर्बो कोडलाही असाच बफर होता. मात्र तिथे दर कितीही वाढवला तरी डिकोडरला पूर्ण १/३ दराच्या ट्रेलिसवरच (संभाव्य मार्गांच्या जाळ्यावरच) काम करावं लागे. ५जीच्या एलडीपीसीत न पाठवलेल्या विस्तारातल्या पॅरिटीच्या ओळी सोडून देता येतात, त्यामुळे दर वाढला की काम घटतं. वेग हवा असलेल्यांसाठी माझ्या लेखी हा सर्वांत मोठा मुद्दा आहे.

फसलेली खेप पुढच्या खेपेत मिसळायचीच नसेल, तर हे सगळं ओझं कशाला? वाय-फायच्या ८०२.११एन मानकाने ६४८, १२९६ आणि १९४४ अशा तीन लांब्या आणि चार दर घेऊन बारा वेगळ्या मॅट्रिक्स (पॅरिटी-अटींचे तक्ते) ठरवल्या. प्रत्येक मॅट्रिक्स तिच्या दरासाठी घडवलेली, उरलेली जुळवाजुळव थोडीच.

पोलर कोड मात्र हट्टी आहे. त्याच्या आतल्या काही जागा भरवशाच्या असतात, काही नसतात, आणि माहिती भरवशाच्या जागांतच ठेवतात. त्याची लांबी दोनच्या घातातच असते आणि बिट्स गाळले की आतल्या काही जागा निकामी होतात. त्या आधीच गोठवाव्या, म्हणजे ठरलेल्या शून्याने भरून माहितीला बंद कराव्या लागतात. म्हणजे फ्रेमची जागा बदलली की कोडही बदलतो. ५जीच्या कंट्रोल चॅनेलचा नियम असा: जागा मूळ लांबीपेक्षा कमी असेल आणि दर ७/१६ किंवा त्याहून कमी असेल तर पंक्चरिंग, जास्त असेल तर शॉर्टनिंग. सीआरसीसकट (चूक ओळखणाऱ्या तपास-बिट्ससकट) ४० बिट्स १४० च्या जागेत बसवायचे असतील, तर २५६ लांबी घेऊन ११६ गाळण्याऐवजी १२८ लांबी घेऊन १२ पुन्हा पाठवतात. जागा १६० झाली की मात्र २५६ लांबी घेऊन ९६ गाळतात. या खटाटोपाचं फळ म्हणजे लहान संदेशांत, सीआरसी आणि लिस्ट डिकोडरच्या (अनेक संभाव्य उत्तरं एकदम सांभाळणाऱ्या) जोडीने, पोलर अतिशय चांगला चालतो. पण खेपेगणिक नवी पॅरिटी जोडत जायचं असेल तर तो घेऊ नका.

म्हणून आधी दोन प्रश्न विचारा: फसलेली खेप पुढच्या खेपेत मिसळायची आहे का, आणि ब्लॉक किती लहान आहे? मिसळायची असेल तर ५जीसारखा एलडीपीसी. मिसळायची नसेल आणि संदेश शंभरेक बिट्सच्या आत असेल तर पोलर. मोठे ब्लॉक आणि ठरावीक दर असतील तर वाय-फायची पद्धत पुरते.

काहीही निवडा, रिसीव्हरमध्ये एक फरक सांभाळा. पंक्चर केलेल्या बिटचा एलएलआर (बिट शून्य की एक, याची किती खात्री ते सांगणारा आकडा) शून्य ठेवायचा. शॉर्टन केलेल्या किंवा फिलर (जागा भरायला घातलेल्या) बिटचा मात्र 'नक्की शून्य' अर्थाने शक्य तितका मोठा. आणि चाचणी एकाच दरावर उरकू नका. फ्रेमची जागा एकेक बिटने वाढवत नेऊन एररचा आलेख काढा. पोलरमध्ये ७/१६ च्या आसपास आणि दोनच्या घातांजवळ रेघ उसळी घेते का, ते खास बघा.