आई उपचाराला जाणार, मग मुलं कुठे? मुंबईतल्या घरासाठी तीन वाटांची तुलना

घरातल्या बाईच्या दारूवर उपचार करायचे ठरले की नातेवाइकांचा पहिला प्रश्न असतो, "कुठलं सेंटर चांगलं आहे?" आम्हीही तोच विचारला होता. मुलं कुठे राहणार, हे मात्र ती भरती व्हायच्या आदल्या रात्री, बॅग भरता भरता ठरलं. माझी धाकटी बहीण लालबागला राहते. मुलगा तेव्हा आठ वर्षांचा, मुलगी अडीचची. दोघांना मी डोंबिवलीला घेऊन आले. भाचीला आईच्या कानाची पाळी धरून झोपायची सवय. पहिल्या रात्री तिने अंधारात माझी पाळी चाचपली, "ही नाही" म्हणाली आणि पहाटेपर्यंत रडत राहिली. नवव्या दिवशी बहीण सेंटर सोडून परत आली आणि त्याच आठवड्यात पुन्हा प्यायली.

"हिच्यात जिद्दच नाही," असं सगळे म्हणाले. मीही म्हणाले. तीन वर्षांनी, तिची परवानगी घेऊन हे लिहिते आहे, कारण आमचं काय चुकलं ते आता मला दिसतं. आम्ही खाट आधी शोधली आणि मुलांचं मागाहून बघितलं. तुम्ही बहिणीसाठी, वहिनीसाठी, सुनेसाठी किंवा स्वतःसाठी हा निर्णय घेत असाल, तर निदान हा क्रम चुकवू नका.

बायकांसाठी सोयी कमी का, याचा अंदाज आधी घेऊ. केंद्र सरकारने एम्सकडून करून घेतलेलं देशव्यापी सर्वेक्षण 2019 मध्ये प्रसिद्ध झालं. त्यात 10 ते 75 वयोगटातल्या 27.3 टक्के पुरुषांनी आणि 1.6 टक्के स्त्रियांनी दारू पीत असल्याचं सांगितलं. म्हणजे सतरा पुरुषांमागे एक बाई. त्यामुळे वॉर्ड पुरुषांचे, गटचर्चा पुरुषांच्या, आणि कुटुंबाचं सत्र असलं तरी समोर बायको बसलेली असणार असं धरूनच चालतात. दारू सुटण्यासाठी धडपडणाऱ्या पुरुषाची पोरं बायको सांभाळते. बाईची कोण सांभाळणार, हा प्रश्न त्या रचनेत कुणाला पडलेलाच नसतो.

आधी डॉक्टर, मग तुलना

कुठलीही वाट निवडा, रोज पिणाऱ्या बाईची दारू घरच्या घरी एका झटक्यात बंद करू नका. शेवटच्या पेल्यानंतर काही तासांत हात थरथरतात, घाम येतो. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास काहींना भास होतात, भान सुटतं, आणि उपचार मिळाले नाहीत तर जीवही जातो. पूर्वी बंद करताना फिट आली असेल, बाई गरोदर असेल किंवा काविळीची खूण दिसत असेल, तर आधी रुग्णालय. स्त्रीच्या शरीरात पाण्याचं प्रमाण कमी असल्यामुळे तेवढीच दारू तिच्या रक्तात जास्त चढते आणि यकृत लवकर बिघडतं. "ती नवऱ्याइतकी कुठे पिते?" हा हिशेब म्हणूनच फसवा आहे.

लोकलच्या डब्यात चिकटवलेली "न सांगता दारू सोडवा" ही जाहिरात तुम्ही पाहिली असेल. ती पावडर आणू नका. तिच्यात काय आहे ते कळायला मार्ग नसतो. दारूवर प्रतिक्रिया देणारं डायसल्फिराम असलं आणि तिने त्यावर दारू घेतली, तर रक्तदाब धोकादायक कोसळू शकतो. गरोदर बाईला हे औषध देत नाहीत. ब्राऊन शुगर (हेरॉइनचा एक प्रकार) घेणारी बाई गरोदर असेल तर तिचं घेणंही अचानक तोडायचं नसतं, डॉक्टरांच्या देखरेखीखाली तिला पर्यायी औषधावर आणतात.

घरी राहून, ओपीडीतून

केईएम, नायर आणि सायन या पालिकेच्या मोठ्या रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत. केस पेपर थोडक्या पैशांत निघतो. गरज पडली तर विड्रॉवलच्या, म्हणजे दारू बंद केल्यावर शरीराला त्रास होतो त्या, दिवसांपुरतं भरती करून घेतात, मग घरी राहून औषधं आणि ठरावीक दिवसांनी फॉलोअप. रांग लांब असते, दर वेळी डॉक्टर तेच भेटतील असं नाही, आणि समुपदेशनाला मिळणारा वेळ तुटपुंजा. या उणिवा आहेतच.

पण मुलांच्या बाजूने पाहिलं तर या वाटेसारखी दुसरी नाही. दुसऱ्या खेपेला आम्ही हीच धरली. शाळा तीच, अंथरूण तेच, आई डोळ्यांसमोर. माझा भाचा शाळेतून आला की दप्तर टाकायच्या आधी आईच्या जवळ जाऊन तिच्या तोंडाचा वास घ्यायचा. कुणी शिकवलं नव्हतं. वास नसला तरच शूज काढायचा. ओपीडी सुरू झाल्यावरही कित्येक महिने त्याचं हे चालूच होतं आणि एक दिवस तो सरळ शूज काढून स्वयंपाकघरात गेला. हे बदलताना त्याने स्वतः पाहिलं. आई महिनाभर कुठेतरी जाऊन "बरी होऊन" आली असती, तर त्याला हे असं रोजच्या रोज पटलं नसतं.

ही वाट कधी चालत नाही तेही सांगते. घरात दुसरा पिणारा असेल तर नाही. नवरा मारत असेल तर मुळीच नाही, तिथे पिणं हा दुसरा प्रश्न झाला, पहिला प्रश्न सुरक्षिततेचा. आणि औषधाची वेळ पाळणारं, मुलांना एखादी संध्याकाळ सांभाळणारं एकही माणूस हाताशी नसेल, तर तिच्या एकटीच्या खांद्यावर हे टाकणं अन्याय आहे. आमच्याकडे आईने गावाहून येऊन चार महिने मुक्काम केला. ती नसती तर जमलं नसतं.

निवासी केंद्र

महाराष्ट्रात याचं नाव काढलं की मुक्तांगण आठवतं. डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या मदतीने 1986 साली पुण्यात ते सुरू केलं. पस्तीस दिवसांचा निवासी उपचार ही त्याची ओळख, आणि बायकांसाठी निशिगंध हा वेगळा विभाग आहे. मुंबईत वांद्र्याला फादर जो परेरा यांनी 1981 साली कृपा फाउंडेशनची सुरुवात केली. कुठल्या केंद्रात बायकांना जागा आहे आणि सध्या प्रवेश मिळतो का, हे फोन करूनच ठरवा. 14446 ही व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन जवळच्या केंद्रांची माहिती देते.

निवासी उपचाराचं मोल मी कमी करत नाही. ज्या घरात दारू आहे, मारझोड आहे किंवा ओपीडीतून दोनदा प्रयत्न फसला आहे, तिथे बाईला त्या घराबाहेर महिनाभर श्वास घ्यायला मिळणं हाच अर्धा उपचार. फक्त बायकांच्या गटात ती जे बोलते ते पुरुषांच्या गटात कधीच बोलणार नाही. बहिणीला पहिल्या सेंटरमधलं एकच चांगलं आठवतं. दुपारी ताटं घासताना एका वयस्कर बाईने तिला सांगितलं, "मीपण तांदळाच्या डब्यातच लपवायचे." आपण एकटीच अशी नाही, हे तिला तिथे पहिल्यांदा कळलं.

मग ती निघून का आली? पहिले पंधरा दिवस घरी फोन नाही, हा तिथला नियम. पुरुषाला हा नियम लावला तर त्याची चिडचिड होते. अडीच वर्षांच्या मुलीच्या आईला लावला तर तिचा ठाम समज होतो की सासरचे मुलांना कायमचे घेऊन गेले. बहिणीने नऊ दिवस त्याच भीतीत काढले, गटात काय शिकवलं ते तिला एक अक्षर आठवत नाही. म्हणून माझं स्पष्ट मत आहे की लहान मुलांच्या आईसाठी जे केंद्र पहिल्या आठवड्यातच मुलांशी बोलणं, भेट ठरवून देत नाही, ते कितीही नावाजलेलं असलं तरी घेऊ नये.

आई आणि मूल, दोघं एकत्र

अमेरिकेत अशी केंद्रं कित्येक वर्षं आहेत, जिथे बाई मुलांना घेऊन राहते. तिथे याच्या पायऱ्या मांडलेल्या आहेत. सर्वांत खालच्या पायरीवर उपचार फक्त बाईवर होतात आणि कुटुंबाला अधूनमधून बोलावतात. वर जावं तसं आधी मूल सोबत राहायला येतं, मग मुलाची स्वतःची तपासणी, समुपदेशन आणि अभ्यासाकडे लक्ष देणं सुरू होतं. सर्वांत वर घरातल्या प्रत्येकासाठी वेगळी आखणी असते, नवरा आणि आजीसुद्धा आलेच. आपल्याकडच्या बहुतेक जागा खालच्या एकदोन पायऱ्यांवर आहेत. मुंबईतल्या घराने या वाटेची वाट पाहत थांबू नये, पण मोजपट्टी म्हणून ती जवळ ठेवावी.

आणि एक गोष्ट आम्हाला कुणीच सांगितली नव्हती. मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 मध्ये दारू आणि अमली पदार्थांच्या अतिसेवनाशी जोडलेले मानसिक त्रास मानसिक आजाराच्या व्याख्येत येतात. त्याच कायद्याचं कलम 21 म्हणतं की उपचार घेणाऱ्या बाईचं तीन वर्षांखालचं मूल सर्वसाधारणपणे तिच्यापासून वेगळं करायचं नाही. मुलाला धोका आहे असं उपचार करणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञाचं मत पडलं तर तात्पुरतं वेगळं करता येतं, पण तेव्हाही आईला देखरेखीखाली मुलाला भेटू द्यावं लागतं, दर पंधरा दिवसांनी त्या निर्णयाचा फेरविचार करावा लागतो, आणि सलग तीस दिवसांच्या पुढे जायचं तर मानसिक आरोग्य प्राधिकरणाची मंजुरी लागते. माझी भाची अडीच वर्षांची होती. हे वाक्य मला तेव्हा माहीत असतं तर त्या सेंटरच्या टेबलासमोर मी गप्प बसले नसते. कायद्यात आहे म्हणून उद्या पाळणा हलवून देतील असं नाही, पण विचारायला बळ मिळतं.

मीटिंगबद्दल थोडक्यात. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस म्हणजे दारू सोडणाऱ्यांनी एकमेकांना आधार द्यायचा गट. त्याच्या सभा मुंबईत मराठीतही भरतात, फी नसते, आणि घरच्यांसाठी अल-अॅनॉन वेगळं आहे. हा वरच्या तिन्हींना जोड आहे, विड्रॉवलवरचा उपचार नव्हे. बहीण अजून जाते. मीही जाते, आणि मला त्याची गरज तिच्याइतकीच होती.

तर निवडायचं कसं? मूल तीनच्या आत असेल आणि घर सुरक्षित असेल, तर थोड्या दिवसांची रुग्णालयातली भरती आणि पुढे ओपीडी, हीच मी पहिली पसंती देईन. मुलं शाळेत जाणारी, घरात आजी किंवा मावशी येऊन राहू शकणारी, आणि बाईला घरापासून अंतर हवं असेल तर निवासी केंद्र. पण मग माणूस मुलांच्या घरी आणा, मुलांना माणसाच्या घरी नेऊ नका. डोंबिवलीहून लालबागच्या शाळेत पोहोचवायला मी भाच्याला पहाटे पाचला उठवायचे. आई गेली, घर गेलं, झोपही गेली, असं तिहेरी ओझं त्या पोरावर आम्ही टाकलं. मुलांना खोटंही सांगू नका. आम्ही "आई कामाला गावी गेली" म्हणालो आणि तो गप्प झाला, कारण त्याला सगळं माहीत होतं. "आईला दारूचा आजार आहे, डॉक्टर औषध देताहेत, यात तुझी काही चूक नाही," एवढं आठ वर्षांच्या मुलाला समजतं.

केंद्राला फोन कराल तेव्हा फी आणि दिवस विचारालच. शिवाय विचारा की रात्री डॉक्टर असतात का, स्त्री कर्मचारी किती आहेत, नोंदणी आहे का, आई मुलांशी पहिल्यांदा कितव्या दिवशी बोलेल, सुट्टी झाल्यावर पाठपुरावा मुंबईत कुठे होईल. आणि शेवटी हे विचारा: मूल भेटायला आलं तर आई आणि ते कुठे बसतात? आमच्या पहिल्या सेंटरमध्ये याचं उत्तर होतं, गेटपाशी, वॉचमनच्या बाकावर. जिथे ती पुढे बरी झाली, तिथल्या सिस्टर म्हणाल्या, "खोलीत बसा की, दार लावून घ्या."