रिटायरमेंटनंतर नागपूर की वर्धा? रेट बघायच्या आधी माणसं बघा

५८ नाहीतर ६० पूर्ण झाले, फंडाचे पैसे हातात आले की नागपुरातल्या कितीतरी घरांत हा विषय निघतोच, की इथली धूळ नि ट्रॅफिक सोडून वर्ध्याला निवांत राहायचं का. बरेच जण मुळात तिकडचेच, कोणी आर्वीचं, कोणी हिंगणघाटचं, नि वर्धा काही लांब नाही, पंचाहत्तर-ऐंशी किलोमीटर. मग प्लॉटचा रेट काढतात नि हवा शुद्ध आहे म्हणतात. हवेचं ठीक आहे पण मे महिन्यात दोन्हीकडे पारा ४५ च्या वर जातो, कूलर तिकडंही घ्यावाच लागणार बाप्पा. मला विचाराल तर आधी लोकसंख्या बघा, म्हणजे पुढची वीस वर्षं आपल्या आजूबाजूला कोणत्या वयाची माणसं असतील ते.

आकडे २०११ चेच घ्यावे लागतात, कारण २०२१ ची जनगणना झालीच नाही. तेव्हा नागपूर शहर २४ लाख ५ हजार आणि वर्धा शहर १ लाख ६ हजार, म्हणजे एका नागपुरात बावीस-तेवीस वर्धा बसतात. गंमत अशी की २००१ मध्ये वर्धा १ लाख ११ हजार होतं. दहा वर्षांत शहर वाढायचं सोडून कमीच झालं! ओस पडून राहिलं की काय असं वाटतं, पण तसं नाही. पिपरी मेघे, सिंदी मेघे, बोरगाव मेघे, नालवाडी ही सगळी वस्ती शहराला चिकटून आहे पण ती नगरपरिषदेत मोजली जात नाही, तिथं ग्रामपंचायत, आणि नवीन लेआउट बरेचसे तिकडेच पडले. त्यामुळे वर्ध्यात घर घेतलं म्हणून पेढे वाटणारा माणूस पुष्कळदा कागदावर खेड्यात राहायला गेलेला असतो, नळ, नाली, रस्ता सगळ्यासाठी त्याला सरपंचाकडे जावं लागतं. प्लॉट बघायला जाल तेव्हा हे पहिले विचारा, फ्लोअरिंग नंतर बघा.

जिल्ह्याचा आकडा जास्त बोलका आहे. २००१ ते २०११ मध्ये महाराष्ट्र वाढला १६ टक्के, नागपूर जिल्हा १४ च्या वर, आणि वर्धा जिल्हा फक्त ५ टक्के. जन्म कमी नि शिकलेली पोरं बाहेर, असं झालं की वाढ अशी मंदावते. मग बाहेरून एकही म्हातारा राहायला आला नाही तरी गावातलं म्हाताऱ्यांचं प्रमाण आपोआप वाढत जातं. राज्यात तेव्हाच साठीच्या वरचे शंभरात दहा होते, देशात साडेआठ.

आता कोणी म्हणेल आपल्या वयाची माणसं जास्त तर बरंच आहे, सकाळी फिरायला कंपनी. फिरायला ठीक. पण रात्री दोन वाजता छातीत दुखलं तर सत्तरीतला शेजारी काय करेल, तोच आधी चष्मा शोधेल. तिथं तीस-चाळीसचा माणूस लागतो, गाडी काढणारा.

यात नागपूर लै पुढे आहे असंही समजू नका. प्रतापनगर, त्रिमूर्तीनगरकडच्या कुठल्याही जुन्या गल्लीत संध्याकाळी चक्कर मारा, दोन मजली घर, खाली एकच लाईट चालू, वर पोरासाठी बांधलेला मजला बंद, पोर्चमध्ये कव्हर घातलेली गाडी, आणि पोरगा पुण्यात नाहीतर हैदराबादला बसून मोबाईलवर गेटचा कॅमेरा बघतोय. फरक इतकाच की चोवीस लाखांच्या शहरात पैसे देऊन तरी माणूस मिळतो, रात्री सोबतीला थांबणारी बाई, नर्स, ड्रायव्हर, डब्बा, सगळं. वर्ध्यात हे मिळतं पण ओळखीनं मिळतं, आणि ती बाई गावाला गेली की दुसरी शोधताना नाकीनऊ येतात.

वर्ध्याच्या बाजूनं एक गोष्ट मात्र भक्कम आहे, दवाखाने. लाखभराच्या गावाला दोन मेडिकल कॉलेज, सेवाग्रामचं १९६९ पासूनचं आणि सावंगी मेघेचं, कितीक जिल्ह्यांच्या ठिकाणी एकही धड नाही राजेहो. नागपूरला मेडिकल नि मेयो ही दोन सरकारी हॉस्पिटलं, मिहानमधलं एम्स, वर धंतोली-रामदासपेठेत खाजगी दवाखान्यांची रांग, पण चॉइस जास्त म्हणून तुम्ही लवकर पोचता असं नाही. या कॉलेजांमुळेच वर्ध्यात पोरं दिसतात. वरची खोली भाड्यानं दिली की जिन्यात चपला-बुटांचा ढीग पडतो, घर जागं राहतं, नि अडीनडीला तेच पोरगं ॲम्ब्युलन्स बोलावतं. पण ती पोरं कोर्स संपला की जातात, दरवर्षी नवीन चेहरा, नि सुट्यांमध्ये घर रिकामं.

प्रवासाचं फार डोकं लावू नका. एसटीत ६५ नंतर अर्धं तिकीट, ७५ नंतर फुकट, महिलांना तसंही अर्धं. रेल्वेची सवलत २०२० पासून बंदच आहे. नागपुरात मेट्रो आहे, स्टेशनला लिफ्ट आहे, गुडघेवाल्यांना बरं. वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे, संध्याकाळच्या बैठकीवाल्यांनी हेही धरून चालावं.

आणि एक आकडा काकांनी काकूंसोबत बसून वाचावा. २०११ मध्ये देशात साठीच्या वरच्या १००० पुरुषांमागे १०३३ बायका होत्या, म्हणजे सगळ्या वयांत मिळून बायका कमी पण म्हातारपणी जास्त. त्यात नवरा बहुतेक चार-पाच वर्षांनी मोठा. म्हणजे हे घर शेवटी एकटी कोण वापरणार ते उघड आहे, तरी निर्णय काका घेतात, का तर त्यांना वर्ध्याचे शाळेतले मित्र भेटतात.

माझं मत विचाराल तर दोघंही धडधाकट असाल, पेन्शन बेताची असेल, नि तिकडे भाऊ-पुतण्या कोणीतरी राहत असेल तर पहिली दहा-बारा वर्षं वर्धा खुशाल निवडा, शक्यतो नगरपरिषद हद्दीत नि दवाखान्याच्या रस्त्यावर. तिकडे रक्ताचं कोणी नसेल तर नागपूर सोडू नका, दोन मजली घर झेपत नसेल तर ते विकून लिफ्टवाला फ्लॅट घ्या, जिथं खाली-वर चाळीशीतली कुटुंबं आहेत. आणि वर्ध्याला गेलात तरी नागपूरचं घर लगेच विकू नका, अकरा महिन्यांच्या ॲग्रीमेंटवर भाड्यानं द्या, एक उन्हाळा नि एक पावसाळा काढा, मग काकूंना विचारा.